एका तळटीपेतून उगवलेला सण

न्यू जर्सीतील आमच्या वास्तव्याचे ते पहिलेच वर्ष. नोव्हेंबर अर्धा सरला होता, झाडांची पाने गळून गेली होती आणि दुकानांपुढे लाल भोपळ्यांचे ढीग लागले होते. शेजारच्या वृद्ध दांपत्याने आम्हांला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचे आमंत्रण दिले आणि येताना तुमच्या घरचे काहीतरी करून आणा, असे आवर्जून सांगितले. भोपळा समोर दिसतच होता. आम्ही घारगे केले. गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे पोहोचलो तेव्हा मेजावर पंपकिन पाय अगोदरच मांडलेला होता. यजमानीणबाईंनी डबा उघडून घारगे त्याच्या शेजारीच ठेवले.

त्या घरची रीत आम्ही कुतूहलाने पाहत होतो. तीन पिढ्यांची सोळा-सतरा माणसे. मुलांसाठी वेगळे बुटके मेज. भाजलेली टर्की कापण्याचा मान थोरल्या मुलाचा, आणि तो ती कशी कापतो यावर टीका करण्याचा हक्क धाकट्याचा. क्रॅनबेरीची जेली डब्यातून निघाली तशीच बशीत ठेवलेली, अंगावर डब्याच्या कड्यांचे वळ कायम. एका सुनेने पूर्वी एकदा ताज्या क्रॅनबेरी शिजवून आणल्या होत्या. त्यांना कोणी हात लावला नाही, हे तिनेच हसत हसत सांगितले. जेवणापूर्वी प्रत्येकाने, यंदा आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत, ते सांगायचे. आमची पाळी आली तेव्हा आम्ही शेजाऱ्यांचे नाव घेतले, आणि त्यात औपचारिकता नव्हती.

पाय कापण्यापूर्वी आजोबांनी मुलांना दरवर्षीची गोष्ट सांगितली. धर्मासाठी देश सोडून आलेले यात्रेकरू, पहिला भीषण हिवाळा, मका पेरायला शिकवणारे इंडियन, आणि मग सुगीनंतर दोघांनी मिळून केलेले जेवण. आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. घरी परतल्यावर झोपण्यापूर्वी तिने विचारले, ‘मग ते इंडियन आता कुठे असतात?’ आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचन झाले ते या एका प्रश्नापोटी, आणि त्याचा हा गोषवारा.

प्रथम मूळ पुरावा पाहू. १६२१ च्या शरद ऋतूत प्लिमथ येथे झालेल्या त्या जेवणाचे प्रत्यक्षदर्शीने केलेले एकच वर्णन आज उपलब्ध आहे. वसाहतीतील एक प्रमुख एडवर्ड विन्स्लो यांनी डिसेंबर १६२१ मध्ये इंग्लंडला लिहिलेल्या पत्रातील तो जेमतेम एक परिच्छेद. पीक हाती आल्यावर चार जणांना पक्षी मारायला पाठवले. त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील इतके पक्षी आणले. मग खेळ झाले, बंदुकांचे बार झाले. मॅसॅसॉइट हा राजा नव्वद माणसांसह आला आणि तीन दिवस राहिला. त्याच्या माणसांनी पाच हरणे मारून आणली. एवढेच. या परिच्छेदात ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्द नाही. टर्कीचे नाव नाही. त्या पाहुण्यांना कोणी बोलावले होते, असेही कुठे म्हटलेले नाही. वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी पुढे आपल्या इतिहासात त्या ऋतूत रानटर्क्या मुबलक मिळाल्याचे नोंदले आहे, पण मेजवानीचा उल्लेख त्यांनी केलेला नाही. ओव्हन, गव्हाचे पीठ आणि लोणी यांची वानवा असल्यामुळे भोपळ्याचा पाय त्या जेवणात असणे संभवत नाही. बटाटा तर तेथे पोहोचलाच नव्हता.

मेजवानीला आलेल्यांची संख्या मात्र बोलकी आहे. मेफ्लॉवर जहाजातून १०२ उतारू आले होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांतील निम्मे दगावले. १६२१ च्या शरदात उरले होते पन्नासेक इंग्रज, आणि त्यांत विवाहित स्त्रिया अवघ्या चार. नव्वद पाहुण्यांसाठी तीन दिवस चुली कोणी सांभाळल्या असतील, याचा अंदाज करणे अवघड नाही. आणि नव्वद सशस्त्र पुरुष पन्नास माणसांच्या वस्तीत तीन दिवस राहतात तेव्हा त्या भोजनाला राजकारणाचाही वास येणारच.

ते राजकारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंग्रजांनी जेथे वस्ती केली ते ठिकाण ओसाड रान नव्हते. तेथे पटक्सेट नावाचे वाम्पानोग लोकांचे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय खलाशांबरोबर आलेल्या साथीने त्या किनाऱ्यावरील माणसे इतकी मेली की गावेच्या गावे रिकामी झाली. नांगरट करायला तयार मिळालेली ती शेते मेलेल्या माणसांची होती. मका पेरायला शिकवणारा टिस्क्वाँटम हा त्याच पटक्सेटचा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पळवले आणि स्पेनमध्ये विकायला नेले. तेथून तो इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला, तर गाव उरलेले नव्हते. ‘इंडियनाला इंग्रजी कसे येत होते?’ हा प्रश्न आजोबांच्या गोष्टीत कोणी विचारत नाही. विचारला तर गोष्ट फार निराळ्या ठिकाणी जाईल. मॅसॅसॉइटची गरजही अशीच होती. साथीने त्याची प्रजा खिळखिळी झाली होती, शेजारचे नॅरागॅन्सेट लोक मात्र बलवान राहिले होते. मार्च १६२१ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला तो या हिशेबाने. शरदातील जेवण हे त्या तहाच्या पहिल्या वर्षातील एक प्रसंग होय.

प्युरिटन पंथीयांच्या लेखी ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे मुळात जेवण नव्हतेच. ईश्वरी कृपेची खूण दिसली की आभाराचा दिवस पाळायचा, कोपाची खूण दिसली की उपवासाचा. दोन्ही दिवस प्रार्थनामंदिरात घालवायचे. ठरलेल्या तारखेचे सण त्यांना मान्य नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. प्लिमथमध्ये असा आभारदिन १६२३ मध्ये पाळला गेला, अवर्षणानंतर पाऊस पडला म्हणून. पण ईश्वरी कृपेची खूण दरवेळी पाऊसच असे असे नाही. १६३७ मध्ये इंग्रजांनी मिस्टिक येथील पीक्वॉट लोकांच्या तटबंद गावाला आग लावली. बायकामुलांसह शेकडो माणसे मेली. त्या युद्धातील विजयाबद्दल मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत आभारदिन पाळण्यात आला. पुढे १६७५ मध्ये मॅसॅसॉइटचाच मुलगा मेटाकॉम इंग्रजांविरुद्ध उठला. ऑगस्ट १६७६ मध्ये तो मारला गेला. त्याचे शिर प्लिमथला पोहोचले तो दिवसही आभाराचाच नेमलेला होता. ते शिर खांबावर वीसेक वर्षे टांगलेले राहिले. त्याच्या बायकोमुलाला गुलाम म्हणून विकण्यात आले. जेवणानंतर चोपन्न-पंचावन्न वर्षांनी, त्याच गावात.

मग आज घरोघरी होतो तो सण आला कोठून? तो आला न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरांतून. नाताळ वर्ज्य असल्यामुळे तेथे वर्षाअखेरीस कुटुंबाने एकत्र येण्यासाठी दुसरे निमित्त हवे होते. अठराव्या शतकात सुगीनंतरचा वार्षिक आभारदिन हळूहळू त्या कामी आला. सकाळचे प्रवचन आखडले, दुपारचे जेवण लांबले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर १७८९ हा दिवस देशभर आभारासाठी नेमला खरा, पण प्रघात पडला नाही. धर्माच्या बाबतीत सरकारने दिवस नेमून देऊ नयेत, या मताच्या जेफरसन यांनी तर असा जाहीरनामा काढण्याचे नाकारलेच.

त्या प्रांतीय रिवाजाचा राष्ट्रीय सण झाला तो मुख्यतः एका बाईच्या चिकाटीमुळे. सारा जोसेफा हेल यांचा जन्म १७८८ मध्ये न्यू हॅम्पशरमधील एका शेतकरी घरात झाला. १८२२ मध्ये नवरा वारला, पदरी पाच मुले. त्या लेखणीवर जगू लागल्या. मेरीच्या कोकराचे इंग्रजी बालगीत, जे आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले, ते त्यांचेच. १८२७ च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला एक सबंध प्रकरण दिले. मेजाच्या अग्रभागी भाजलेली टर्की, पोटात सारण, मागे पायांची रांग. आज प्रत्येक अमेरिकन घर जे ‘पारंपरिक’ म्हणून मांडते ते ताट या कादंबरीत वाढलेले सापडते. १८३७ पासून चाळीस वर्षे त्या ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादक होत्या. यादवी युद्धाच्या सुमारास त्याचा खप दीड लाखाच्या घरात होता. त्यातून त्यांनी पाककृती छापल्या, भावुक कथा छापल्या, आणि साऱ्या देशाने एकाच दिवशी हा सण करावा म्हणून वर्षानुवर्षे अग्रलेख लिहिले, राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली. गुलामगिरीवरून फुटू पाहणारा देश एका दिवशी एकाच वेळी जेवायला बसला तर कदाचित जुळून राहील, अशी त्यांची श्रद्धा होती. दक्षिणेतील अनेकांना मात्र हा उत्तरेचा, गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकांचा सण वाटे. देश जुळून राहिला नाही. २८ सप्टेंबर १८६३ रोजी, युद्ध ऐन भरात असताना, पंचाहत्तरीला आलेल्या हेल यांनी लिंकन यांना पत्र लिहिले. ३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला : नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. त्याचा मसुदा परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांचा. युद्धात विधवा, अनाथ आणि शोकग्रस्त झालेल्यांची आठवण ठेवण्याची विनंती त्यात आहे. प्लिमथ, यात्रेकरू, इंडियन यांचा मात्र त्यात चकार शब्द नाही. गेटिसबर्गला तीनच महिने झाले होते. त्या वर्षी कित्येक मेजांवर एक खुर्ची रिकामी होती, आणि सणाला अर्थ आला तो त्या खुर्चीमुळे.

यात्रेकरू आले ते निराळ्या वाटेने, आणि ती वाट एका तळटीपेतून जाते. १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग यांनी प्लिमथसंबंधीची जुनी कागदपत्रे संपादून प्रसिद्ध केली. विन्स्लो यांच्या त्या परिच्छेदाखाली त्यांनी टीप दिली की, न्यू इंग्लंडच्या सुगीच्या सणाचे, म्हणजे थँक्सगिव्हिंगचे, हे पहिले उदाहरण होय. संपादकाचे एक अनुमान, पानाच्या तळाशी, बारीक टाइपात. पंधरा वर्षांनी, १८५६ मध्ये, लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलेले ब्रॅडफर्ड यांचे हस्तलिखित प्रथमच पूर्ण छापले गेले आणि प्लिमथविषयीचे कुतूहल वाढले. तरी गोष्ट घरोघर पोहोचायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. तेव्हा दोन गोष्टी घडत होत्या. एक, पूर्व आणि दक्षिण युरोपातून लक्षावधी लोक येत होते आणि त्यांच्या मुलांना ‘अमेरिकन’ करण्याचे काम शाळांकडे आले होते. धर्मासाठी समुद्र ओलांडून आलेल्या गरिबांची कथा त्यासाठी सोयीची होती. दुसरी, १८९० मध्ये वूंडेड नी येथील संहारानंतर मूळ रहिवाशांची सशस्त्र झुंज संपली होती. ज्यांचे भय उरले नाही त्यांना चित्रात जेवायला बोलावणे सोपे जाते. जेनी ब्राउन्सकोम यांच्या १९१४ च्या प्रसिद्ध चित्रात प्लिमथच्या वाम्पानोग पाहुण्यांच्या डोक्यावर दूरच्या मैदानी प्रदेशातील जमातींचे पिसांचे मुकुट आहेत. पुढे शाळाशाळांतून मुलांनी कागदाची जी पिसे डोक्याला बांधली ती याच घराण्यातली. आमच्या ओळखीतील मराठी मुलांनाही ती बांधावी लागली आहेत. ‘तू तर इंडियनच’ या न्यायाने भूमिका बहुधा ठरलेली असे.

येथे टर्कीविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते, कारण ते आपल्या दारावरून जाते. हा पक्षी माणसाळवला मेक्सिकोतील लोकांनी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. तेथून इंग्रज वसाहतवाले पाळीव टर्क्या पुन्हा अमेरिकेत घेऊन आले. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, फ्रेंचांनी आणि खुद्द तुर्कांनी हिंदुस्थानचे, आणि पोर्तुगीजांनी पेरू देशाचे. पोर्तुगीजांमुळेच तो गोव्यास आला. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या वस्तूंत एक टर्की होती. जहांगीर तिचे रंग बदलणारे डोके पाहून इतका थक्क झाला की उस्ताद मन्सूरकडून त्याने तिचे चित्र काढून घेतले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे प्लिमथच्या जेवणाच्या नऊ वर्षे आधी हा पक्षी मांडवीच्या काठी उतरला होता. त्याच गलबतांच्या वाटेने जे जे आले त्याची यादी केली तर आपल्या एकादशीचे ताट तयार होते. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, बटाटा, रताळे, मिरची, ही सर्व अमेरिकेची देणी. आमच्या आजीला हे कोणी सांगितले असते तर तिने विश्वास ठेवला नसता, आणि खिचडीही सोडली नसती. ती आपल्या आईने केली तशी खिचडी करीत होती, आणि तिच्यापुरती परंपरा तेवढीच होती. सुनेच्या ताज्या क्रॅनबेरी नाकारणारे आमचे शेजारी याहून वेगळे नव्हते.

विसाव्या शतकात बाजार आला, आणि सणाने त्यालाही घरात घेतले. न्यूयॉर्कमधील मेसीज या दुकानाची मिरवणूक १९२४ पासूनची. डेट्रॉइटचा फुटबॉलचा सामना १९३४ पासूनचा. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, तेव्हा नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. जवळजवळ निम्म्या राज्यांनी तो मानला नाही. शेजारशेजारच्या राज्यांत राहणाऱ्या भावंडांना एकत्र जेवता येईना. अखेर डिसेंबर १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला. १९४३ मध्ये नॉर्मन रॉकवेल यांचे आजी टर्की मांडत असल्याचे चित्र प्रसिद्ध झाले आणि देशाने त्यात आपले घर पाहिले. ती टर्की शिजवणारी आणि चित्रातील आजी रॉकवेल यांच्या घरची स्वयंपाकीण होती. शेंगांचा जो भाजलेला पदार्थ आमच्या शेजारणीने आपल्या सासूची खासियत म्हणून वाढला तो १९५५ मध्ये न्यू जर्सीतच, कॅमडेन येथील कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी शोधलेला. हे कळल्यावर त्याची चव कमी झाली नाही. इटालियन घरांत टर्कीच्या आधी लझान्या येतो, चिनी घरांत तिच्या पोटात चिकट भात भरतात, आणि मराठी घरांत चार दिवसांच्या सुट्टीत गावोगावची मित्रमंडळी जमतात तेव्हा टर्कीला तंदुरी मसाला लागतो किंवा तिला रजा देऊन बिर्याणी होते. दुसऱ्याच्या घरात हक्काने बसण्याची परवानगी या सणाने प्रत्येक नव्या लोंढ्याला दिली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. ते कुठे असतात? ते तेथेच असतात. १९७० मध्ये मेफ्लॉवरच्या साडेतीनशेव्या वर्षानिमित्त वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोग गृहस्थांना भाषणासाठी बोलावण्यात आले. संयोजकांनी भाषण आधी वाचून पाहिले आणि बदलायला सांगितले. त्यांनी नकार दिला. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ते प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसॅसॉइटच्या पुतळ्यापाशी उभे राहिले, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या गुरुवारी तेथे राष्ट्रीय शोकदिन पाळला जातो. मॅशपी वाम्पानोग जमातीला संघराज्याची मान्यता मिळाली ती २००७ मध्ये. त्यांच्या भाषेत १६६३ मध्ये जॉन एलियट यांनी बायबल छापले होते, धर्मांतरासाठी. पुढे दीडेकशे वर्षे ती भाषा बोलणारे कोणी उरले नव्हते, आणि जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती पुन्हा उभी केली ती त्याच बायबलाचा आणि जुन्या कागदपत्रांचा आधार घेऊन. अ‍ॅक्विना येथील वाम्पानोग मुले ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी क्रॅनबेरी वेचायला जातात. तो त्यांचा स्वतःचा आभारदिन आहे, आणि त्याला कोणाच्या तळटीपेची गरज पडलेली नाही.

हे सगळे शेजारच्या आजोबांना सांगावे की नाही, हा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस पडला होता. ज्यांच्या ताटात आपण जेवलो त्यांच्या गोष्टीला खोडा घालणे आपल्या संस्कारांत बसत नाही. शिवाय त्या भूमीवर आम्हीही पाहुणेच होतो, आणि आम्हांलाही तिच्या मूळ मालकांनी बोलावले नव्हते. पुढच्या वर्षी टर्की ओव्हनमध्ये असताना त्यांच्या शेजारी बसून आम्ही टिस्क्वाँटमची हकीकत सांगितली, फक्त त्याचीच. ते काही बोलले नाहीत. जेवणे झाली. मुले त्यांच्या बुटक्या मेजावरून उठून भोवती बसली आणि आजोबांनी नेहमीच्या ठिकाणी गोष्ट सुरू केली. पहिल्या हिवाळ्यापर्यंत आल्यावर ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘ते गाव रिकामे होते. का रिकामे होते, ते आधी सांगितले पाहिजे.’